मेलेली तार, चालू गिरण

या सदरातले अनुभव मी नियमित वाचते, पण खरं सांगायचं तर करमणूक म्हणून वाचते. रिकाम्या खोलीतला पंखा आपोआप फिरायला लागला, दिवे मंद झाले आणि मग एकदम भगभगले, टीव्ही स्वतःहून चालू झाला... असलं काही आलं की माझ्या डोक्यात पहिल्यांदा येतं ते न्यूट्रलचं लूज कनेक्शन. निम्म्या भुतांचा बंदोबस्त एखादा बरा वायरमन पक्कड घेऊन करू शकेल, असं माझं प्रामाणिक मत होतं. आजही आहे. उरलेल्या निम्म्यांबद्दल मात्र मी हल्ली काही बोलत नाही.

मी निपाणीची. इलेक्ट्रिकल इंजिनिअर. घर बौद्ध, वडील निवृत्त विज्ञान शिक्षक. आमच्या घरात भूत नाही आणि देवही नाही, त्यामुळे लहानपणी अंधारात भीती वाटली तर नाव घ्यायला कुणी नव्हतं. आप्पा हातात बॅटरी द्यायचे आणि म्हणायचे, "जा, बघून ये काय आहे ते." मी जायचे. बहुतेक वेळा मांजर असायचं. हे सुरुवातीलाच सांगून ठेवते, कारण पुढचं वाचून कुणाला वाटायला नको की ही बाई आधीपासूनच तयारीत होती.

नोकरी बेळगावात, एका खासगी फर्ममध्ये. वीज आली की गेली हे बघणं आमचं काम नाही, ते सगळं गाव बघत असतंच. आम्ही आलेली वीज कशी आहे ते मोजतो. घरात २३० व्होल्टच्या आसपास यायला हवेत. लाईनच्या शेवटाला असलेल्या गावांत संध्याकाळी जेमतेम दीडशे येतात. मग ट्यूब फडफडते, फ्रिज घरघरतो, स्टॅबिलायझर टकटक करत बसतो आणि शेतातली मोटर एक दिवस जळते. लोक म्हणतात, "लाईट डीम हाय." आम्ही त्याच तीन शब्दांचा जाडजूड रिपोर्ट करतो. त्यासाठी ट्रान्सफॉर्मरच्या पेटीत एक रेकॉर्डर बसवावा लागतो. जेवणाच्या मोठ्या डब्याएवढा असतो, स्वतःच्या बॅटरीवर चालतो आणि तिन्ही फेजचं व्होल्टेज सतत टिपत राहतो. समोर छोटा डिस्प्ले असतो, त्यावर आकडे दिसतात.

आता जागा. बेळगावहून जांबोटी, जांबोटीवरून चोर्ल्याचा रस्ता, आणि मग तो रस्ता सोडून आत. गावाचं नाव मुद्दाम देत नाही, यातली माणसं अजून नोकरीत आहेत. ओढ्याच्या अलीकडे एक वाडी, पलीकडे दुसरी. सबस्टेशनातून अकरा हजार व्होल्टची एकच लाईन निघते, झाडांतून वाट काढत अलीकडच्या वाडीच्या ट्रान्सफॉर्मरवर येते, तिथून ओढा ओलांडून पलीकडच्या वाडीला जाते आणि तिथंच संपते. पुढं जंगल. म्हणजे एकाच तारेवर ओळीनं तिघं बसलेत: आधी सबस्टेशन, मधे आमचा ट्रान्सफॉर्मर, शेवटी पलीकडची वाडी. एवढं फक्त ध्यानात ठेवा, पुढचं सगळं यावरच आहे.

गणपती होऊन गेले होते. पाऊस उतरणीला लागला होता, पण जांबोटीकडचा पाऊस उतरणीला लागला तरी दिवसातून दोनचारदा आठवण करून जातोच. माझा रेकॉर्डर मधल्या ट्रान्सफॉर्मरवर बसला होता. आकडे तपासताना मला दिसलं की तीनपैकी दोन फेज निम्म्यावर आल्यात. याचा अर्थ सरळ होता — वरच्या मुख्य तारेतून ट्रान्सफॉर्मरला येणाऱ्या तीन जोडतारांपैकी एक जळाली. या जोडतारेला जंपर म्हणतात. मी वीज कंपनीच्या सेक्शन ऑफिसला कळवलं आणि त्यांनी दोन लाईनमन पाठवले. दुरुस्ती झाल्यावर व्होल्टेज किती सुधारतं ते मला बघायचं होतं, म्हणून मीही त्यांच्याबरोबर गेले.

एक मारुतीअण्णा. खानापूर तालुक्यातले, घरी भातशेती, आणि पोलावर चढण्यात अर्धं आयुष्य गेलेलं. दुसरा त्यांच्याच वयाचा परशराम, जो खाली थांबायचा, दोर सोडायचा आणि कमी बोलायचा. ती कसर अण्णा भरून काढायचे. माझ्या रेकॉर्डरवर त्यांचा विशेष डोळा होता.

"मॅडम, त्या तुमच्या डब्ब्यात चार चपात्या घालून ठिवा," ते वाटेत म्हणाले. "व्होल्टेज वाडलं न्हाय तरी पोट तरी भरंल कुणाचं तर."

"अण्णा, डबा आहे म्हणून तुम्हाला जंपर जळालेला कळला."

"व्हय? आनि वाडीतल्या म्हातारीनं चार दिस झालं फोन करून डोकं खाल्लंय, त्ये काय मग?"



सकाळी जोराचा वारा झाला होता आणि सगळा फीडर, म्हणजे सबस्टेशनातून निघणारी ती लाईनच, ट्रिप होऊन बंद पडलेला. आम्ही पोचलो तेव्हा कुठंच लाईट नव्हती. वाटेतली मोरी खचलेली, म्हणून जीप अलीकडेच ठेवली आणि पट्टा, दोर, पक्कड, नवा जंपर एवढं घेऊन चालत निघालो. तार खरोखर मेलेली, म्हणजे बिनविजेची, आहे का ते बघायची लांब दांडी आणि तार जमिनीला जोडायची साखळी जीपमध्येच राहिली. नियमाप्रमाणे ती न्यायला हवी. नियम आम्हा तिघांनाही पाठ होते. त्या भागात चिखलातून दीड तास सामान वाहिलेला कुठलाही माणूस तुम्हाला सांगेल की पाठ असलेले नियमच जीपमध्ये राहतात.

ट्रान्सफॉर्मरच्या खांबावर खालूनच तार तोडायचा स्विच असतो. तो गंजून जाम झाला होता. मग एकच मार्ग उरतो, एलसी. म्हणजे लाईन क्लिअर. लाईनमन सबस्टेशनला फोन करतो, तिथला ऑपरेटर लाईन बंद करतो, "बंद" म्हणून सांगतो आणि एक नंबर देतो. त्यानंतर, "काम झालं, सगळे खाली उतरलो," असा त्याच लाईनमनचा फोन येईपर्यंत ऑपरेटरनं लाईन चालू करायची नाही. पोलावरच्या माणसाचा जीव त्या एका फोनवर असतो.

फोनला रेंज फक्त एका मोठ्या धोंड्यावर चढलं की यायची. पाऊस नुकताच उघडला होता. अण्णा धोंड्यावर चढले, स्पीकर लावला, आम्ही खाली उभे. सबस्टेशनात ऑपरेटर नवा होता, रायचूरकडचा, बदली होऊन आलेला. आधीचा ऑपरेटर कानडीच होता, पण या लोकांशी मराठीत बोलायचा. "बंद केलोय बघा अण्णा, चढा," असं म्हणायची त्याची पद्धत होती.

अण्णा ओरडून म्हणाले, "सायेब, लाईन बंद हाय न्हवं? आमी चढालोय!"

फोनमध्ये खरखर. मग तुटक तुटक आवाज, "बंद... बंद..." आणि फोन कटला.

आम्ही तिघांनीही ऐकलं. अण्णांनी नंबरसाठी पुन्हा फोन लावला, लागला नाही. पुन्हा लावला. रेंज पार गेली होती.

"बंद म्हटला की त्यो," अण्णा उतरत म्हणाले. "तसं बी सकाळधरनं बंदच हाय. मॅडम, तुमचा डब्बा काय म्हनतोय बगा."

मी पेटी उघडली. तिन्ही फेज शून्य. "डबाही बंदच म्हणतोय," मी म्हणाले.

अण्णा वर चढले. वर गेल्यावर त्यांनी तारेला आधी उलटा हात लावला. सगळे जुने लाईनमन लावतात. झटका बसला तर हात आवळण्याऐवजी मागं फेकला जातो, अशी समजूत. घरातल्या तारेला हे कदाचित चालेल. अकरा हजार व्होल्टला सुलटा काय आणि उलटा काय. पण ती सवय आहे, देवळात शिरताना चप्पल काढावी तशी. मग त्यांनी तार सरळ मुठीत धरली, दुसरा हात लोखंडी आडव्या पट्टीवर टाकला आणि कामाला लागले.

काम बराच वेळ चाललं. जुना जंपर चिकटून बसला होता. अण्णा वरून त्या जंपरच्या आईबापाचा उद्धार करत होते, परशराम दोरानं एकेक वस्तू वर पाठवत होता, आणि मी पेटीपाशी उभी राहून भाताकडे बघत होते. लोंब्या नुकत्या बाहेर पडत होत्या. अण्णा वर चढून थोडाच वेळ झाला असेल, तेवढ्यात ओढ्यापलीकडून आवाज यायला लागला होता. पट्ट्यावरची गिरण चालू झाली की येतो तो, फट्‌फट्‌फट्‌. त्या भागात वारा पडला की लांबूनही ऐकू येतो.

परशराम म्हणाला, "पल्याडची गिरण सुरू झाली वाटतं."

"डिझेलवर असेल," मी म्हणाले.

"असंल की."

मी सवयीनं रेकॉर्डरकडे बघितलं. शून्य, शून्य, शून्य. विषय संपला.

शेवटी नवा जंपर बसला. अण्णांनी पट्टा सोडला आणि उतरायला लागले. मी डिस्प्लेकडे बघत होते, कारण आता फोन झाला की लाईन येणार आणि तिन्ही फेज पुऱ्या झालेल्या मला बघायच्या होत्या. अण्णांचे पाय जमिनीला लागल्याचा आवाज मला ऐकू आला. आणि आकडे हलले.

व्होल्टेज येतं ते खाडकन येतं. स्विच पडला की शून्याचे थेट दोनशे तीस, मधे काही नाही. हे तसं आलं नाही. आधी चार-पाच दिसले. मग वीस. मग पन्नास... सत्तर... तिन्ही फेज बरोबरीनं, सावकाश, माठातलं पाणी वर चढावं तसे चढत गेले आणि दोनशे तीसच्या जरा वर जाऊन थांबले. डोक्यावर ट्रान्सफॉर्मर गुणगुणायला लागला. वाडीतून पोरांचा "आलीऽऽ" असा ओरडा आला.

"अण्णा, लाईन आली," मी म्हणाले.

अण्णा आधी वर बघत राहिले. मग त्यांचा चेहरा लाल झाला. त्यांनी एलसी परत दिली नव्हती, म्हणजे "उतरलो" असा फोन अजून केला नव्हता. ते वर असतानाच ऑपरेटरनं लाईन चालू केली असती तर? ते तरातरा धोंड्यावर गेले. या वेळी फोन लागला.

"का रं ए! एलसी घेतलोय मी, उतरल्यालं सांगायच्या आदी लाईन सोडलास? मानूस वर हाय का मेलाय ते तर इचार!"

ऑपरेटर गोंधळून म्हणाला, "एलसी? एलसी यारु केळिद्रु?" एलसी मागितली कुणी?

"मी! मी मागटलो! तू बंद म्हटलास न्हवं?"

"इल्ल री," तो म्हणाला. "नीवु लाईन बंतेन अंत केळिद्रि, ना बंतु अंदे."

कन्नड न येणाऱ्या वाचकांसाठी सांगते. तो म्हणाला, "तुम्ही विचारलंत लाईन आली का. मी म्हणालो, आली." कन्नडमध्ये बंतु म्हणजे आली. सकाळचा फॉल्ट निघून त्यानं फीडर नुकताच चालू केला होता, तेवढ्यात अण्णांचा फोन गेला. खरखरीत त्याला "लाईन" आणि प्रश्न एवढंच ऐकू आलं. लाईन गेली की दिवसभर त्याला हाच प्रश्न विचारणारे फोन येतात. त्यानं खुशीत सांगितलं, "बंतु, बंतु." आणि इकडे ज्यांना बंद ऐकायचं होतं त्या तिघांनी बंद ऐकलं. आम्हा तिघांनाही कन्नड येतं, बरं का. माझं शाळेत दहावीपर्यंत होतं.

अण्णा धोंड्यावरून उतरले नाहीत, तिथंच बसले. त्यांनी आपला उजवा हात मांडीवर ठेवला आणि त्याच्याकडे बघत राहिले. परशरामनं पाण्याची बाटली दिली, ती त्यांनी तशीच शेजारी ठेवली. मलाही तेव्हा भीती वाटली. ती साधी, शरीराची भीती होती.

पण माझं डोकं चालू होतं. मी म्हणाले, "अण्णा, तार मेलेलीच होती. डबा शून्य दाखवत होता. सबस्टेशनातून लाईन सुटली असेल, पण वाटेत कुठंतरी तुटली असणार, आपल्यापर्यंत आलीच नसणार. घाबरू नका."

"मग आता कशी आली?" परशरामनं विचारलं.

"तुटलेली तार वाऱ्यानं परत टेकली असेल." हे बोलतानाच मला ते पटत नव्हतं, वारा पडून बराच वेळ झाला होता. पण काहीतरी बोलणं भाग होतं.

अण्णा म्हणाले, "मेल्यालीच हुती तार. मेल्याली तार हाताला कळती मॅडम. निस्तं लोखंड लागतं." मग ओढ्याकडे बघून म्हणाले, "पन गिरण वाजत हुती की."

ते वर होते तेव्हा त्यांनीही ऐकली होती.

आम्ही ओढा ओलांडून पलीकडच्या वाडीत गेलो. गिरणवाल्या आक्का पीठ माखलेल्या पदरानं तोंड पुसत होत्या. दारात डब्यांची रांग. गिरण चालूच होती. मी विचारलं, डिझेल इंजिन कुठाय?

"इंजान? त्ये कवाच मोडीत घातलं. लाईटवरच हाय आता."

"मग लाईट कधी आली तुमच्याकडे?"

"पाऊस उगडला न्हवं का, तवाच. तवाधरनं दळालोय बघा." त्यांनी रांगेकडे हात केला. "ह्यास्नी इचारा."

"मधे एकदाही गेली नाही?"

"न्हाय गं बाई. उलट रोज रडत चालती, आज लई ताकदीनं चालली. मगाशी तर पीठ बी जरा जास्तच बारीक पडालतं." त्या अण्णांकडे वळल्या. "का वो अण्णा, काय केलासा? आसंच करत जावा की."

मग आक्कांनी अण्णांचा चेहरा बघितला आणि न विचारता गुळाचा खडा आणि पाणी आणून दिलं.

आता शांतपणे मांडते. लाईन एकच. सबस्टेशनातून वीज निघत होती. शेवटच्या वाडीत ती पोचत होती, गिरणीची मोटर ओढत होती. मधल्या खांबावर, त्याच तारेवर, एक माणूस एका हातात तार आणि दुसऱ्या हाताखाली लोखंड घेऊन निवांत काम करत होता, आणि त्याच खांबाखालचा माझा रेकॉर्डर शून्य दाखवत होता. पाटाच्या वरच्या टोकाला पाणी, खालच्या शेतात पाणी, आणि मधे पाट कोरडा... असं कधी कुणी बघितलंय का? आणि मधला माणूस पाटातून उठल्यावर पाणी हळूहळू भरलं.

मी जे जे तपासायचं ते तपासलं. पुढच्या आठवड्यात सगळी लाईन खांब न् खांब पायी फिरले. तुटलेली, टेकलेली, डागलेली तार कुठंच नाही. पलीकडच्या वाडीला दुसरीकडून वीज येण्याची सोय नाही. त्या वाडीत जनरेटर नाही, सोलर आहे ते एका घरापुरतं, गिरणीचा पट्टासुद्धा त्यावर हलणार नाही. सबस्टेशनातल्या यंत्राची नोंद काढली. लाईन त्या सगळ्या वेळात चालू, मधे ट्रिप नाही, जमिनीत करंट गेल्याची खूण नाही. गंजलेला स्विच उघडला नव्हता. तो जाम होता म्हणून तर हे सगळं झालं. सबस्टेशनच्या आणि माझ्या रेकॉर्डरच्या घड्याळांत फरक असेल म्हणाल, तर गिरणीचा आवाज आम्ही तिघांनी कानानं ऐकला होता, त्याला घड्याळ लागत नाही. आणि जळालेला जंपर एकच होता, उरलेले दोन जागेवर होते. लाईनमध्ये वीज होती तर माझ्या रेकॉर्डरला ती दिसायलाच हवी होती.

पुण्याला आमच्या फर्मच्या साहेबांना डेटा पाठवला. त्यांनी सांगितलं, रेकॉर्डर बिघडलाय, तपासणीला पाठव. पाठवला. ठीक असल्याचा दाखला घेऊन परत आला. मग ते म्हणाले, तेवढा भाग रिपोर्टमधून काढून टाक, क्लायंट उगाच प्रश्न विचारतील. काढला. रिपोर्ट चांगला झाला आणि वाडीला मोठा ट्रान्सफॉर्मर मंजूर झाला.

तुमच्यापैकी अनेकांच्या मनात आलं असेल ते परशरामच्याही मनात आलं होतं, की त्या खांबावर पूर्वी एखादा लाईनमन गेला असेल आणि त्यानं अण्णांना सांभाळलं. मी चौकशी केली. कुणीही गेलेलं नाही. खांब उभा केल्यापासून तिथं साधं कुणाचं बोटही चेपलेलं नाही. जवळपास देऊळ नाही, स्मशान नाही, झाडाला बांधलेल्या बाहुल्या नाहीत. सदराच्या दृष्टीनं जागा अगदीच निकामी आहे. परशराम माझ्यावर अजून नाराज आहे.

निपाणीला गेल्यावर आप्पांना सांगितलं. ते दोन दिवस कागदावर आकृत्या काढत बसले. तिसऱ्या दिवशी चहा घेताना म्हणाले, "माहीत नाही म्हणायची लाज वाटून घेऊ नकोस. पण माहीत नाही म्हणजे भूत, असं मात्र म्हणू नकोस."

"मी कुठं म्हणतेय?"

"मग दिवा लावून का झोपतेस?"

त्यावर मी दिवा बंद करून झोपायला लागले. झोप यायला वेळ लागतो, एवढंच.

त्या सेक्शनमध्ये आता एक बदल झालाय. वरून काही आदेश नाही, पण लाईनमन आणि ऑपरेटर मिळून ठरवलं की फोनवर "बंद" हा शब्द कुणी उच्चारायचा नाही. मराठी असो, कन्नड असो, "ऑफ" म्हणायचं, तीनदा म्हणायचं, आणि नंबर ऐकल्याशिवाय पायरीला पाय लावायचा नाही. नवा ऑपरेटर मराठी शिकतोय. तो एकदा सुट्टीच्या दिवशी अण्णांच्या घरी गेला, दारात उभा राहून रडला, असं परशराम सांगतो. अण्णांनी त्याला आत घेतलं, जेवायला घातलं आणि म्हणे, त्याच्या पानात भात वाढताना स्वतःही रडले.

मारुतीअण्णा अजून लाईनवर आहेत. सुरुवातीला काही दिवस ते चढले नाहीत, पोलापाशी जाऊन माघारी फिरायचे. मग एक दिवस चढले. साखळी आता ते स्वतःच्या खांद्यावर वाहून नेतात, जीप कितीही लांब असो. मला अधूनमधून फोन करतात. गेल्या वेळी त्यांनी विचारलं, "मॅडम, काय सापडलं का वो?"

"नाही अण्णा."

"सोडा मग. सापडलं तर मला सांगू नकासा."

मी सोडलेलं नाही. मी हे सगळं कितीतरी वेळा कागदावर मांडलंय. लाईनचा रोध, गिरणीचा लोड, ओलं लोखंड, माणसाचं शरीर, सगळं धरून. गणित दर वेळी सुटतं. कुठंच अडत नाही.

या सदराचे वाचक हुशार आहेत, काही जण वीज खात्यातलेही असतील. कुणाकडे स्पष्टीकरण असेल तर जरूर पाठवा, मी मन लावून वाचीन. फक्त एवढं बघा, की तुमच्या स्पष्टीकरणाच्या शेवटी मारुतीअण्णा त्या पोलावरून जिवंत खाली उतरले पाहिजेत. माझ्या एकाही गणितात ते उतरत नाहीत.